इंदूची मॅट्रिक

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलायची आणि वर्गात दिवसातून एक तास वाचायची, एवढाच आमचा संबंध. त्यामुळे र्‍हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सरांनी आणि मॅडमनी मोठ्या मनाने माफ कराव्यात.

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे, असं संपादक मंडळाने सांगितलं. इंजिनिअरिंग कॉलेज म्हटल्यावर विश्वेश्वरय्या आणि कलाम सर ठरलेलेच. ते दोघंही आधीच बुक झालेले होते! मी इंदिरा गांधींचं नाव दिलं. सगळ्यांना वाटलं, आता बांगलादेश आणि बँकांचं राष्ट्रीयीकरण वाचावं लागणार. पण मला त्या पंतप्रधान बाईंबद्दल फारसं लिहायचं नाही. मला लिहायचंय ते पुण्याच्या एका शाळेत राहून मॅट्रिकचा अभ्यास करणाऱ्या इंदूबद्दल. त्या काळात तिचे वडील तुरुंगात होते.

हाच विषय का, त्याला कारण आहे. ते आमच्या गावचं आहे.

मी रोह्याजवळच्या धाटावची. एमआयडीसीचं धाटाव. सकाळी कंपन्यांच्या शिफ्टचे भोंगे आणि वारा फिरला की तो केमिकलचा वास, यावर आमची घड्याळं चालायची. आमच्या शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक मुलगी होती. ती मराठी शाळेत, मी कॉन्व्हेंटमध्ये. संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोघी अभ्यासाला बसायचो. मी तिला इंग्लिश स्पेलिंग सांगायची, ती मला मराठी व्याकरण आणि गणित शिकवायची. गणितात ती माझ्या खूप पुढे होती.

आम्ही आठवीत असताना तिच्या वडिलांना पोलीस घेऊन गेले. केस काय होती ते मी इथे लिहिणार नाही. ते अलिबागच्या जेलमध्ये होते. काकू रोह्याहून एसटीने भेटीला जायच्या. आमच्या घरी कोणी मला स्पष्टपणे तिच्याशी बोलू नकोस असं म्हटलं नाही. फक्त संध्याकाळी मला आत बसून अभ्यास कर असं सांगायला लागले. मी का म्हणून विचारलं नाही. ती दोन-तीन दिवस वही घेऊन ओट्यापर्यंत आली. मग यायची थांबली. मी आतल्या खोलीच्या खिडकीतून बघत होते.

गेल्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं, जवाहरलाल नेहरूंचं ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’. कॉन्व्हेंटमध्ये मला त्यांचं मुलीला लिहिलेल्या पत्रांचं छोटं पुस्तक बक्षीस मिळालं होतं, म्हणून हे उघडलं. छोट्या पुस्तकातली पत्रं १९२८ च्या उन्हाळ्यातली, इंदू मसुरीला होती तेव्हाची. ही मोठ्या पुस्तकातली पत्रं मात्र तुरुंगातून लिहिलेली. पहिल्या पत्रावर तारीख २६ ऑक्टोबर १९३० आणि पत्ता नैनी सेंट्रल जेल. त्या दिवशी तिथीप्रमाणे इंदूचा तेरावा वाढदिवस होता. तेरा म्हणजे आठवी. मला ओटा आठवला आणि मी तिथेच खाली बसून वाचायला लागले.

इंदिरेचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ चा, अलाहाबादच्या आनंद भवनात. आजोबा मोतीलाल नेहरू मोठे वकील, घरात कशालाच तोटा नाही. पण ती चार वर्षांची असताना, डिसेंबर १९२१ मध्ये, आजोबा आणि वडील दोघांनाही एकाच दिवशी अटक झाली. आजोबांचा खटला चालला तेव्हा ती त्यांच्या मांडीवर बसून होती. दंड भरायचा नाही असं ठरल्यामुळे पोलीस घरातलं सामान उचलून न्यायचे आणि ही एवढीशी पोरगी त्यांच्यावर चिडायची. पोलीस घरात शिरतात तेव्हा घर कसं दिसतं, हे तिने अक्षरं गिरवायच्या वयात पाहिलं.

तिच्या शाळांची यादी वाचली तर आपल्याला चक्कर येईल. अलाहाबादला युरोपियन बायकांची शाळा, तिथून काढून घरी शिकवणी, आईच्या आजारपणासाठी १९२६ मध्ये सगळे स्वित्झर्लंडला गेले तेव्हा जिनिव्हाची शाळा, परत आल्यावर अलाहाबादचं कॉन्व्हेंट. आपल्याकडे एका सेमिस्टरमध्ये सिलॅबस बदलला तर आपण मोर्चा काढतो!

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि घर पुन्हा रिकामं झालं. एप्रिलमध्ये वडील आत, जूनमध्ये आजोबा आत. १ जानेवारी १९३१ ला आई कमलाबाईंनाही अटक झाली. आजोबा आजारी म्हणून आधीच सुटून आले होते, ते ६ फेब्रुवारीला वारले. तेरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातले हे दहा महिने.

त्यानंतर १९३१ मध्ये तिला पुण्याला पाठवलं. जहांगीर वकील आणि कुंवरबाई वकील हे पारशी जोडपं तिथे ‘प्युपिल्स ओन स्कूल’ नावाची लहानशी निवासी शाळा चालवत होतं. वकील आधी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकवायचे. शाळा नवी होती, मुलं थोडी होती. इंदू त्यातल्या मोठ्या मुलांमध्ये मोडायची.

डिसेंबर १९३१ च्या शेवटी वडिलांना पुन्हा अटक झाली. जानेवारीत आत्या विजयालक्ष्मींना झाली. आत्याचे यजमान रणजित सीताराम पंडितही तुरुंगात गेले. हे पंडित मूळचे आपल्या कोकणातल्या घराण्यातले, पेशाने बॅरिस्टर आणि संस्कृतचे पंडित. ‘राजतरंगिणी’चं इंग्लिश भाषांतर त्यांनी तुरुंगात बसून केलं. आता त्यांच्या लहान मुलींना सांभाळणार कोण? त्याही पुण्याच्या याच शाळेत आल्या. म्हणजे चौदा वर्षांची इंदू स्वतः होस्टेलाईट, आणि वर धाकट्या बहिणींची ताईसुद्धा. फर्स्ट इयरला आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात रात्री उशीत तोंड खुपसून रडतात ते आम्ही सगळ्या बघतो. त्यातल्या कोणाचेच आईवडील जेलमध्ये नसतात.

आता पत्रांचं बघू. मला आधी वाटलं होतं की दर आठवड्याला एक छान पत्र पुण्याला येत असेल. तसं नव्हतं. कैद्याला पत्रं मोजूनच लिहिता यायची. त्यामुळे जवाहरलाल इतिहासावरची पत्रं लिहायचे आणि ती त्यांच्याजवळच साठत जायची. आज ना उद्या मुलीच्या हातात पडतील या आशेवर माणूस लिहीत होता. हाताशी लायब्ररी नाही, जवळच्या थोड्या पुस्तकांवर आणि टिपणांवर काम. शेवटचं पत्र ऑगस्ट १९३३ मधलं. एकूण पत्रं १९६. सिंधू संस्कृतीपासून त्या वर्षीच्या जगातल्या मंदीपर्यंत सगळं त्यात आहे. १९३४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं.

आणि भेटी? त्याही बंद पडल्या. कमलाबाई आणि इंदूची आजी अलाहाबादच्या जेलमध्ये रणजित पंडितांना भेटायला गेल्या असताना तिथल्या जेलरने त्यांचा अपमान केला, वर महिनाभर भेटीची बंदी घातली. निषेध म्हणून जवाहरलालनी स्वतःच्या सगळ्याच भेटी सोडून दिल्या. कित्येक महिने ते कोणालाच भेटले नाहीत. बाणेदारपणा म्हणून वाचायला हे छान वाटतं. पण त्या महिन्यांत मुलीलाही बाप दिसला नाही, हा हिशोब कोणी मांडत नाही. मोठी माणसं लढतात तेव्हा किंमत चुकवणाऱ्यांच्या रांगेत मुलंही असतात.

सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं. त्यातूनच २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. शाळा पुण्यातच, त्यामुळे इंदू आणि तिच्या आतेबहिणी गांधीजींना भेटायला येरवड्यात गेल्या. गांधीजींनी त्या उपोषणातून डेहराडूनच्या तुरुंगात जवाहरलालना तार केली. त्यात इतर मजकुराबरोबर एवढंही कळवलं की इंदूला पाहिलं, ती आनंदात दिसली आणि अंगाने थोडी भरली आहे. मी हे वाचून पुस्तक मिटलं. उपोषणाला बसलेला एक कैदी दुसऱ्या कैद्याला तारेने कळवतोय की तुझ्या मुलीने जरा अंग धरलंय. होस्टेलवरून घरी गेल्यावर आईची पहिली कॉमेंट हीच असते ना!

३० ऑगस्ट १९३३ ला वडील सुटले. जेमतेम साडेपाच महिने बाहेर राहिले. १२ फेब्रुवारी १९३४ ला पुन्हा अटक, कलकत्त्यात खटला, दोन वर्षांची शिक्षा, अलीपूर जेल. आणि त्याच १९३४ मध्ये इंदू मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक पास झाली. वडील अलीपूरला, आई सतत आजारी, घर हजार मैलांवर. मी तिचे मार्क शोधत बसले नाही. त्या वर्षी पेपरला जाऊन बसणं आणि ते पुरे करणं हेच मला पुष्कळ वाटतं.

पुढची गोष्ट मात्र टॉपरची नाही, आणि म्हणूनच ती मला आवडते. मॅट्रिकनंतर ती शांतिनिकेतनला गेली. वर्षही पुरं झालं नाही, आईचा क्षय बळावला म्हणून शिक्षण सोडून तिला घेऊन युरोपला जावं लागलं. २८ फेब्रुवारी १९३६ ला लोझानला आई गेली. मग ब्रिस्टलच्या शाळेत तयारी, १९३७ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात प्रवेश. तिथे ती लॅटिनच्या पेपरात अडकली. आपल्या भाषेत सांगायचं तर केटी लागली आणि सुटली नाही! पुढे तब्येतही ढासळली, महिनेच्या महिने स्वित्झर्लंडच्या सॅनेटोरियममध्ये गेले. १९४१ मध्ये ती डिग्री न घेता भारतात परतली.

इतक्या वेळा तुटलेलं शिक्षण कुठून तरी उसवणारच. वडिलांनी जगाचा इतिहास लिहून दिला तरी लॅटिन सुटलं नाही. पण ज्या शांतिनिकेतनात ती वर्षभरही शिकली नाही, त्याच विश्वभारती विद्यापीठाच्या कुलपतीपदावर ती पुढे पंतप्रधान म्हणून बसली. केटीवाल्यांनी हे वाक्य खोलीत लावायला हरकत नाही.

२६ मार्च १९४२ ला तिचं फिरोज गांधींशी लग्न झालं. लग्नातली साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. त्याच वर्षी ‘छोडो भारत’मध्ये ती स्वतः नैनी जेलमध्ये गेली आणि मे १९४३ मध्ये सुटली. वडील तेव्हा आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात होते. तिथेच १९४४ मध्ये त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. २० ऑगस्ट १९४४ ला मुंबईत राजीवचा जन्म झाला, तेव्हाही आजोबा किल्ल्यातच. त्याच वर्षी १४ जानेवारीला रणजित पंडित वारले. तुरुंगाने त्यांची तब्येत संपवली होती. त्यांच्या दोन मोठ्या मुली तेव्हा अमेरिकेत वेलस्ली कॉलेजात शिकत होत्या. वडील तुरुंगात असताना, १९४३ मध्ये, त्या तिकडे गेल्या होत्या.

इथे थांबले असते तर चरित्र गोड झालं असतं. पण प्रामाणिकपणे पुढचं लिहायला हवं. १९६६ मध्ये इंदिराजी पंतप्रधान झाल्या. २५ जून १९७५ ला त्यांनी आणीबाणी लावली. ती मार्च १९७७ पर्यंत चालली. त्या काळात देशभर एक लाखाहून जास्त लोकांना आत टाकलं, त्यातल्या हजारोंना खटल्याशिवाय. आपल्याकडे येरवडा आणि नाशिक रोडचे तुरुंग भरले. येरवड्याच्या ज्या फाटकातून चौदा वर्षांची इंदू गांधीजींना भेटायला गेली होती, त्याच फाटकाबाहेर आता दुसऱ्यांची मुलं भेटीच्या वेळेची वाट बघत उभी होती. त्यांच्याही परीक्षा होत्या. जिला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं, तिच्याच सहीने हे झालं. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. त्यांचा खून ३१ ऑक्टोबर १९८४ ला झाला, म्हणजे उत्तर विचारायलाही आता कोणी नाही. एवढंच कळलं की आपण सोसलेलं दुःख दुसऱ्याच्या वाट्याला आलं की आपल्याला ओळखू येतंच, असं नाही.

असो. आता परत धाटावला येते.

कोणी म्हणेल, कुठे नेहरूंची मुलगी आणि कुठे तुझी शेजारीण! खरं आहे. इंदूच्या वडिलांचा तुरुंग म्हणजे मानाची गोष्ट होती. वडील आत आहेत हे ती ताठ मानेने सांगू शकत होती. पैसा होता, ओळखी होत्या, शाळेचं दार उघडं होतं. माझ्या मैत्रिणीला शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की ती गप्प बसायची. गुन्हा कोर्टात सिद्ध व्हायचा बाकी होता, पण आमच्या आळीने तिला शिक्षा देऊन टाकली होती. पण संध्याकाळी रिकामी दिसणारी खुर्ची दोन्ही घरांत सारखीच ना? आणि इंदूला ज्या गोष्टींनी मॅट्रिकपर्यंत नेलं, त्यातल्या पैशाच्या किती होत्या? बापाशी धागा तुटू न देणं, शाळेने मुलीला मुलगी म्हणूनच वागवणं, आणि तिची ख्यालीखुशाली कळवणारं एक माणूस. यातली शेवटची गोष्ट तर फुकट होती. ती मी करू शकत होते.

या दिवाळीत घरी गेले तेव्हा मी तिच्या घरी गेले. सहा-सात वर्षांनी. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, तिथे सगळं विसरले. तिने चहा केला. तिच्या वडिलांना जामीन मिळून बरेच दिवस झालेत, केसच्या तारखा अजून चालू आहेत. काका सातवीपर्यंत शिकलेले. पण जेलच्या भेटीत, जाळीच्या पलीकडून, दर वेळी आधी गणिताचा कुठला धडा चालू आहे ते विचारायचे, असं तिने सांगितलं. मार्कलिस्टची झेरॉक्स ती सोबत न्यायची. ती दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. बारावीनंतर एक वर्ष घरच्या अडचणीमुळे वाया गेलं. आता ती गणित घेऊन बीएस्सी करतेय. त्या काकांनी १९६ पत्रं लिहिली नाहीत, पण त्यांचा तो एक प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो.

मित्र-मैत्रिणींनो, हे सगळं होस्टेलच्या मॅगझिनमध्ये लिहायचं कारण सांगते. आपल्या मजल्यावरसुद्धा असं कोणी असू शकतं. पेरेंट्स मीटला ज्याच्या घरचं कोणी येत नाही, सुट्टीत जो घरी जायचं टाळतो, त्याला चारचौघांत कारण विचारू नका. नोट्स द्या, मेसमध्ये शेजारी बसा. रेक्टर मॅडम आणि सरांनाही विनंती, वडिलांच्या सहीवाचून फॉर्म अडला तर आईची सही चालू द्या. आणि तुमच्या गावात अशी लहान मुलं असतील तर त्यांच्या घरी एक माहिती जरूर द्या. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत, आईवडील तुरुंगात असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीही दरमहा मदतीची सोय आहे. चौकशी जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात करायची. काकूंना तेव्हा हे कोणीच सांगितलं नव्हतं.

शेवटची कबुली. मला एम-थ्रीला केटी आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार संध्याकाळी तिने मला लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवले, आमच्याच ओट्यावर बसून. पाचव्या संध्याकाळी आईने न सांगता दोघींसाठी पोहे आणून ठेवले. माफी मागायची राहूनच गेली होती, ती त्या दिवशी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि पुढचं गणित घाल म्हणाली.

निकाल लागला की कळवते.